हप्ता निम्मा करण्याची मोहीम

१८ एप्रिल, शनिवार

गाडीच्या विम्याचं पत्र आलं. आकडा वाचून आधी वाटलं, कंपनी माझी गाडी विकत घ्यायला तयार आहे. किंमत जरा कमी वाटली. घासाघीस करावी म्हणून पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा कळलं की हा वर्षाचा हप्ता आहे आणि तो मी भरायचा आहे.

पहिल्या वर्षीचा विमा शोरूमवाल्याने गाडीबरोबर फुकट दिला होता. फुकट वस्तूची किंमत विचारणं बरं दिसत नाही, म्हणून मी विचारली नव्हती. आता हा आकडा म्हणजे माझा दोन महिन्यांचा पगार. आणि गाडी केवढी? खालच्या मजल्यावरच्या इंजिनीअरची साधी गाडी माझ्या गाडीपेक्षा हातभर लांब आहे, आणि त्याचा हप्ता माझ्या हप्त्याच्या पाव. म्हणजे लांबी जास्त, पैसे कमी. कुठेतरी टायपिंगची चूक आहे.

हिला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन.

संध्याकाळी ७. योग्य वेळ आली. मी पत्र सवयीने फ्रिजवर चुंबकाखाली लावलं होतं.

१९ एप्रिल, रविवार

हसरा येऊन गेला. हसरा म्हणजे हिचा आत्तेभाऊ, विमा एजंट. कुणाच्या अपघाताची बातमी सांगतानाही हसतो. मी त्याला ठणकावून सांगितलं की गाडी लहान असेल तर हप्ताही लहान हवा. तो म्हणाला, "भाऊजी, विमा गाडीच्या लांबीवर नसतो, तिच्या नखऱ्यांवर असतो." मग त्याने नखरे मोजून दाखवले. आरशात कॅमेरा, बंपरमध्ये सेन्सर, आणि एका हेडलाइटच्या पैशांत म्हणे साधी स्कूटर येते. हे ऐकून मला गाडीचा अभिमानच वाटला. मी तसं बोललो. हिने हप्त्याचं पत्र त्याच्यापुढे सरकवलं.

मग त्याने गेल्या वर्षीचे माझे तीन क्लेम काढले. हिला दोनच माहीत होते. खुलासा इथे नोंदवून ठेवतो, कारण तिथे कोणी ऐकून घेतलं नाही. पहिला क्लेम: सोसायटीच्या गेटचा खांब. खांब जुना आहे, तो बांधला तेव्हा गाड्या अरुंद असणार. दुसरा: तोच खांब, पण बाहेर जाताना. तिसऱ्या वेळी मी गाडीत नव्हतोच. हँडब्रेक राहिला होता, गाडी आपली आपण गेली. खांबाकडेच गेली, त्याला मी काय करणार?

हिने निकाल दिला. तीस जूनला विमा संपतो. तोपर्यंत हप्ता निम्मा झाला तर गाडी राहील, नाहीतर दुसऱ्या मजल्यावरच्या डेंटिस्टला विकायची. डेंटिस्ट रोज सकाळी माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि वाकून बघतो, कीड शोधत असल्यासारखा. "विकताय का?" एवढंच विचारतो. मी आजवर त्याच्याशी सभ्यपणे वागलो, ही माझी चूक.

हसऱ्याकडे एक स्कीम आहे. गाडीत एक डबी बसवतात. आपण कसे चालवतो ते ती कंपनीला कळवते आणि दर रविवारी शंभरपैकी गुण येतात. शेवटी सरासरी सत्तरच्या वर गेली तर हप्ता निम्मा. ऐकून मी हसलो. एवढंच? मग काळजी कशाची? मी गेली बावीस वर्षं गाडी चालवतोय.

२२ एप्रिल, बुधवार

डबी बसली. स्टिअरिंगच्या खाली, काडेपेटीएवढी. ब्रेक जोरात लागला, वळण जोरात झालं किंवा ॲक्सिलरेटर जोरात दाबला की 'टिंग' करते. घरी येईपर्यंत बरेच वेळा टिंग झालं. नवीन आहे, रुळेल.

सासूबाई वरच्या मजल्यावर राहतात. बुधवारी आणि शनिवारी सकाळी त्या आपल्या दोन मैत्रिणींना घेऊन पोहायला जातात, माझ्याच गाडीने. मी मोठ्या मनाने किल्ली देतो. सासरे गेल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या. अशा चालवतात की मागून सायकलवाले घंटी वाजवतात. त्यात एक मैत्रीण कंबरदुखीची, जरा धक्का बसला की "आई गं" म्हणून ओरडते. तेव्हा या अजून हळू जातात. माझ्या गाडीत ताकद केवढी, आणि ती चालते कशी, बघवत नाही.

२६ एप्रिल, रविवार

पहिले गुण आले. ३४.

चाळीसपैकी असणार. म्हणजे पंच्याऐंशी टक्के झाले. सुरुवात छान झाली. हिला सांगितलं.

दुपारी १. हिने कंपनीला फोन केला. शंभरपैकीच आहेत.

२७ एप्रिल, सोमवार

चौतीसची कारणं शोधली. रस्त्यावरची माणसं अचानक थांबतात. सिग्नल पिवळा व्हायला उशीर लावतो. सीट अर्धा इंच पुढे होती. आणि मुख्य म्हणजे सासूबाई. आठवड्यातून दोन दिवस एक म्हातारी बाई गाडी चालवणार म्हटल्यावर माझे गुण खाली येणारच. पण मी घरात हा विषय काढला नाही. मोठ्या माणसांचा मान ठेवावा लागतो.

निश्चय: रोज सकाळी निघण्यापूर्वी डोळे मिटून दीर्घ श्वसन.

२८ एप्रिल, मंगळवार

दीर्घ श्वसन केलं. डोळे उघडायला जरा उशीर झाला. गाडी खांबाला नुसती चाटून गेली. हे कंपनीला कळवणार नाही.

आमच्या कंपनीत मी रंगांच्या डब्यांना नावं देतो. शोरूमच्या कागदावर गाडीचा रंग 'ग्रे' लिहिलाय. मी तिला ग्रे म्हणणार नाही. तो 'पहाटेचा शिंपला' आहे. ऑफिसातून त्या रंगाची छोटी बाटली आणून ओरखड्यावर स्वतः ब्रश फिरवला. लांबून कळत नाही. जवळून बघितलं तर 'दुपारचा शिंपला' वाटतो.

३० एप्रिल, गुरुवार

मूळ दोष सापडला. बूट. जाड तळव्यातून पायाला पेडलची भाषा कळत नाही. आजपासून अनवाणी चालवणार.

पाय भाजला. गाडी उन्हात उभी होती.

३ मे, रविवार

४१. अनवाणी चालवण्याचे सात गुण वाढले. हे सिद्धच झालं. पायाला मलम लावलंय, त्यामुळे पेडलवरून थोडा घसरतो, पण शास्त्र म्हटलं की थोडा त्रास आलाच.

६ मे, बुधवार

सकाळी सासूबाई पोहून आल्यावर गाडी मिळाली. ऑफिसातून परत येताना मोठ्या साहेबांना लिफ्ट दिली. त्यांची गाडी गॅरेजला होती. ही संधी मी गेलं वर्षभर शोधत होतो. गेल्या वर्षी आमच्या शेड विभागाची, म्हणजे रंगछटा ठरवणाऱ्या विभागाची, प्रमुख म्हणून माझ्याऐवजी एका सात वर्षांच्या नोकरीवाल्या पोरीला बसवलं, त्याच महिन्यात मी ही गाडी घेतली. का घेतली, हे साहेबांना गाडीत बसल्याशिवाय कसं कळणार?

साहेब आधी सीटचं कौतुक करत होते. पहिल्या टिंगला त्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, कंपनी माझ्या ड्रायव्हिंगचा अभ्यास करते आहे. चौथ्या टिंगनंतर त्यांनी वरचं हँडल धरलं. मोठ्या चौकात सिग्नल लाल होता तेव्हा त्यांना एकदम आठवलं की इथेच कुणाकडे तरी जायचंय. दरवाजा उघडून उतरले. मी म्हटलं, थांबतो. ते म्हणाले, नको, खूप वेळ लागेल. फुटपाथवर उभे राहून त्यांनी घाम पुसला.

मोठ्या पदावरची माणसं फार बिझी असतात.

१० मे, रविवार

४३. चढता आलेख.

१२ मे, मंगळवार

नवी कल्पना. अगदी साधी. डॅशबोर्डवर पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवायचा आणि थेंबही न सांडता ऑफिस गाठायचं. थेंब सांडला नाही, तर टिंग होण्याचा प्रश्नच नाही. हे त्या हसऱ्याला किंवा कंपनीतल्या एकाही इंजिनीअरला सुचलं नाही.

सकाळी ९.१०. निघतो.

सकाळी ९.१२. सोसायटीच्या गेटपाशी आहे. पेला रिकामा आहे. पाणी स्क्रीनच्या मागे गेलं.

१३ मे, बुधवार

गाडीत रस्ता सांगणारी जी बाई आहे, ती कालपासून कुठल्यातरी परक्या भाषेत बोलते. स्क्रीनवरची अक्षरंही तशीच, कोळ्याच्या पायांसारखी. भाषा कोणती ते कळत नाही, बदलायची कुठून तेही त्याच भाषेत लिहिलेलं आहे. सर्व्हिस सेंटरवाल्याने स्क्रीनची किंमत सांगितली तेव्हा मी त्याला विचारलं, ही भाषा शिकायला किती दिवस लागतात?

क्लेम करायचा नाही. चौथा क्लेम दिसला तर संपलंच. हिला सांगितलं, मुद्दाम लावलीय, मेंदूला व्यायाम. बाई काही बोलली की मी मान डोलावतो आणि डावीकडे वळतो. निम्म्या वेळा बरोबर येतं.

१७ मे, रविवार

३१. हा आठवडा प्रयोगांचा होता. प्रयोगाच्या आठवड्याचे गुण धरू नयेत, असं कंपनीला पत्र लिहिणार आहे.

डेंटिस्ट जिन्यात भेटला. म्हणाला, पैशांची व्यवस्था झालीय, घाई नाही.

१८ मे, सोमवार

कारखान्यात एका नव्या रंगछटेचं काम निघालं. दोन आठवडे गावाबाहेर जायचंय. नेमक्या अशा वेळी. मोहीम रंगात आली असताना कर्णधारच नाही. गाडी सासूबाईंच्या हाती. जाताना त्यांना सूचनांचा एक कागद दिला: वेग कसा ठेवावा, ब्रेक कधी दाबावा, मनाची बैठक कशी असावी. त्यांनी चष्मा न लावता वाचला आणि त्यावर भाजीची यादी लिहायला घेतली.

२४ मे, रविवार. कारखान्याचं गेस्टहाऊस

फोनवर मेसेज आला. ९४.

तीनदा वाचला. मग बाहेर जाऊन पुन्हा वाचला, इथे आत रेंज नीट नाही. 'अभिनंदन! आपण एक जबाबदार चालक आहात.'

खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. बावीस वर्षांत हे मला पहिल्यांदा कुणीतरी लेखी सांगितलं.

२५ मे, सोमवार

काल एक शंका मनात आली होती की मी तर इथे आहे. पण विचार केल्यावर उलगडा झाला. आधीचे चार आठवडे मी गाडीला वळण लावत होतो. हल्लीच्या गाड्या शिकतात. मालकाची पद्धत त्यांच्या अंगात मुरायला वेळ लागतो. आता मुरली. स्टिअरिंगवर सासूबाईंचे हात, पण गाडीत माझे संस्कार.

कारखान्यातल्या सगळ्यांना माझ्यातर्फे चहा. मेसेज दाखवला. मशीनवरच्या मिस्त्रीने विचारलं, "साहेब, मग तुम्ही इथे कसे आलात?" म्हटलं, कंपनीच्या बसने. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. कौतुक असणार.

३१ मे, रविवार

९६.

डेंटिस्टला मेसेज पाठवला: 'दुसरी गाडी बघा.' त्याने अंगठा पाठवला.

२ जून, मंगळवार

घरी आलो. गाडी जाग्यावर होती, धुतलेली. खांब माझ्याकडे बघत होता. गाडीत बसल्यावर परकी बाई काहीतरी म्हणाली, बहुधा स्वागत. किती दिवसांनी माझे हात स्टिअरिंगवर. गेटपर्यंत तीन टिंग झाले. गाडीलाही आनंद झालाय.

७ जून, रविवार

५२. कळत नाही.

नाही, कळलं. बुधवारी आणि शनिवारी सासूबाई गेल्या होत्या पोहायला. मी परत आल्यावर त्यांच्यावरचं दडपण गेलं, हात सैल पडला. घरातला कर्ता माणूस परत आला की असं होतं.

हसऱ्याचा फोन आला. म्हणाला, आता आठ ते एकवीस जून हे शेवटचे दोन आठवडे आहेत आणि त्यांचे गुण दुप्पट धरतात. सरासरी अजून खाली आहे, पण हे दोन आठवडे पंच्याण्णवच्या वर गेले तर कसंबसं जमेल. तो पुढे अजून काही सांगत होता, "भाऊजी, तुम्ही तेवढं..." पण मी फोन ठेवला. जे करायचं ते मला कळलं होतं.

निर्णय: शेवटचे दोन आठवडे गाडी फक्त मी चालवणार. सासूबाईंना पूर्ण बंदी. कटू आहे, पण करावं लागणार.

८ जून, सोमवार

सासूबाईंना वर जाऊन सांगितलं. समजेल अशा शब्दांत सांगितलं की, आई, तुमचा काही दोष नाही, वयाचा आहे. दोन आठवडे तुम्ही टॅक्सीने जा, पैसे मी देतो. त्या स्वेटर विणत होत्या. टाके मोजून झाल्यावर त्यांनी टेबलावरची किल्ली माझ्याकडे सरकवली.

"घ्या जावईबापू. पण मग हप्त्याचं कसं करणार?"

मी म्हटलं, तुम्ही काळजी करू नका. त्या म्हणाल्या, मी नाही करत.

ही जेवताना म्हणाली, "अहो, नक्की ना?" माझ्या निर्णयावर घरात कुणाचा विश्वास नाही, याचं वाईट वाटलं. शेड विभागातही हेच झालं होतं. पण आठवडाभराने सगळे गप्प होतील.

१० जून, बुधवार

टॅक्सीवाल्याने खड्ड्यातून गाडी घातली आणि कंबरवाल्या मावशींची कंबर धरली. त्या आता झोपून आहेत. सासूबाईंनी हे मला जिन्यात सांगितलं, आवाज न चढवता. मी म्हटलं, टॅक्सीवाल्यांना डबी बसवायला हवी.

१४ जून, रविवार

२७.

डबी बिघडली आहे. पाण्यामुळे बिघडली असणार. पण पाण्याचं कुणाला सांगता येत नाही.

१६ जून, मंगळवार

शेवटचा उपाय. ब्रेक दाबला की टिंग होतं ना? मग ब्रेकच दाबायचा नाही. लांबूनच ॲक्सिलरेटर सोडायचा आणि गाडी घरंगळत, आपली आपण, योग्य जागी थांबू द्यायची. सगळा खेळ अंदाजाचा आहे आणि माझा अंदाज पक्का आहे.

संध्याकाळी ६.३०. खांब.

या खेपेला डावा हेडलाइट. म्हणजे एक स्कूटर. सोसायटीच्या वॉचमनने खांबाला लाल-पांढरे पट्टे मारायचं ठरवलंय. मला विचारायला आला, रंग तुमच्या कंपनीत स्वस्त मिळेल का?

२१ जून, रविवार

१९.

कंपनीतून एक मुलगी बोलत होती. नम्र होती. तिने विचारलं, आपण ही गाडी शर्यतीसाठी वापरता का? मी नाही म्हटलं. मग माल पोचवायला? नाही. मग ती म्हणाली, सर, गाडीत सगळे ठीक आहेत ना?

२४ जून, बुधवार

हसरा आला, आणि हसत नव्हता. 

त्याने टेबलावर कागद पसरले. डबी नुसते आठवड्याचे गुण देत नाही. प्रत्येक फेरीचे वेगळे गुण नोंदवते, वार आणि वेळेसकट. चहाडखोर मेली. बुधवार सकाळ ९५. शनिवार सकाळ ९७. बुधवार सकाळ ९६. मध्ये रोज सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहा: २१, २४, १९. एका संध्याकाळी ३, ती मोठ्या साहेबांची. मी कारखान्यात असताना सलग पंधरा दिवस सगळं नव्वदीच्या वर, अगदी भाजी आणायला गेल्या तेव्हाचेसुद्धा.

मी म्हटलं, सकाळी रस्ता मोकळा असतो. हसरा म्हणाला, "भाऊजी, नऊ वाजता तुम्हीही सकाळीच निघता." मी म्हटलं, आठवड्यातून दोनदा चालवणाऱ्याचा थकवा कमी असतो. तो म्हणाला, तुम्ही गावाला होतात तेव्हा सासूबाई रोज चालवत होत्या. मी म्हटलं, संस्कार. कुणालाच हा मुद्दा कळला नाही.

मग मी मागणी केली की समोरासमोर परीक्षा व्हावी. कॉलनीला एक चक्कर, आधी मी, मग त्या, हसरा शेजारी बसेल. ही खिडकीतून बघणार. डेंटिस्टही दवाखाना सोडून गॅलरीत आला. त्याला कोणी कळवलं, माहीत नाही.

माझ्या चकरेत सात टिंग झाले. त्यातला एक गाडी सुरू करताना झाला, तो मी धरत नाही. हसरा उतरला तेव्हा त्याचा चेहरा आमच्या शेडकार्डावरच्या 'जुना कागद' रंगाचा झाला होता.

सासूबाई बसल्या. सीट पुढे घेतली, आरसा खाली केला, पदर खोचला. गाडी निघाली कधी ते कळलंच नाही. परकी बाई काहीतरी बोलली. सासूबाई म्हणाल्या, "हो गं, बघते आहे मी." खांबाजवळून अशा गेल्या, जणू तिथे खांबच नव्हता. एकही टिंग नाही.

वॉचमनने टाळी वाजवली. मी त्याचा पगार ठरवणाऱ्या कमिटीत नाही, नाहीतर बघून घेतलं असतं.

२७ जून, शनिवार

हसऱ्याने दोन आकडे पाठवले.

पहिला: गाडी मी चालवणार असेन तर. हा एप्रिलच्या आकड्याहून मोठा आहे. म्हणजे नऊ आठवड्यांची मेहनत, भाजलेला पाय, स्क्रीन आणि हेडलाइट करून मी हप्ता वाढवून दाखवला.

दुसरा: मुख्य चालक सासूबाई, आणि मी गाडी चालवणार नाही असं माझ्या सहीने लिहून द्यायचं. हा निम्म्याहूनही कमी आहे. मधला आकडा नाही का, म्हणून विचारलं. म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये तुमचं नाव घातलं की वाढतो आणि काढलं की उतरतो. दोनदा करून बघितलं.

मी दोन्ही आकडे शेजारी लिहून एकातून एक वजा केला. ही माझी किंमत. आरसा नाही, बंपर नाही, हेडलाइट नाही. त्या गाडीतला सगळ्यात महागडा नखरा मी आहे.

२८ जून, रविवार

 पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसलो, सुरू न करता. पहाटेचा शिंपला. मला ही गाडी हवी होती, कारण तिच्यातून उतरताना लोक बघतात. प्रमुख झालो असतो तर केबिनमधून बाहेर येताना बघितलं असतं. तेवढंच हवं होतं मला, चालवायचं असं फारसं काही नव्हतं. थाटात उतरता आलं म्हणजे झालं.

ही येऊन शेजारी बसली. म्हणाली, "विकायची असेल तर मी डेंटिस्टला सांगते. पण तुम्ही इथे असे बसलेले मला बघवत नाही." मी म्हटलं, नको. ती म्हणाली, मग सही करा आणि जेवायला चला.

सही केली. पेन चालत नव्हतं, तरी चारदा गिरवून केली.

३० जून, मंगळवार

नवा विमा आला. मुख्य चालक: सासूबाई. खाली छोट्या अक्षरांत माझं नाव सापडलं, 'सोबतचा प्रवासी'. थोडे जास्तीचे पैसे भरून हिने ते घातलंय. म्हणजे कागदावर मी आहे.

निश्चय: मालक या नात्याने गाडीवर बारीक देखरेख ठेवायची. उद्या रजा टाकतो. पोहायला जाताना सोबत जाईन आणि शेजारी बसून आईंना दोन गोष्टी सांगेन. अनुभव वाया जाता कामा नये.

१ जुलै, बुधवार

शेजारची सीट कंबरवाल्या मावशींना लागते. मी मागे बसलो.

जाताना पहिल्याच वळणावर म्हटलं, आई, इथे जरा आधी इंडिकेटर द्या. त्यांनी इंडिकेटर दिला, गाडी अलगद कडेला घेतली, थांबवली. टिंग झालं नाही. मग मागे वळून म्हणाल्या, "जावईबापू, बोलायचं असेल तर उतरून बोला. मी थांबते."

मी उतरलो नाही.

त्यांचं पोहणं होईपर्यंत तासभर तलावाबाहेर बाकावर बसलो होतो. परत आलो तेव्हा गाडीतून कोण उतरतंय ते बघायला डेंटिस्ट गेटपाशी उभा होता, पण मला लगेच उतरता आलं नाही. सीटचं चामडं ओलं झालं तर खराब होतं, असं सासूबाई म्हणाल्या, त्यामुळे तिघींच्याही पोहण्याच्या ओल्या पिशव्या माझ्या मांडीवर होत्या.